ग्रीन कार्डच्या वाटेवर तुमचं काय आणि कंपनीचं काय

अमेरिकेत एचवनवर (एच-१बी, कामाचा तात्पुरता व्हिसा) काम करणाऱ्या कुणालाही ग्रीन कार्डबद्दल विचारा. "कंपनीने फाइल केलंय" किंवा "वकील बघतोय", यांपैकी एक उत्तर मिळतं. मग प्रायॉरिटी डेट कोणती, पर्म कोणत्या पदासाठी झालं, आय-१४० मंजूर होऊन किती दिवस झाले असं विचारलं की बरेच जण गप्प होतात. ही माहिती आपल्याकडे नाही हे कळतं ते लेऑफच्या आठवड्यात. तोवर कंपनीचा लॅपटॉप परत गेलेला असतो, ईमेल बंद झालेला असतो, आणि कंपनीचा वकील तुमचे फोन घेणं बंद करतो, कारण तो मुळात कंपनीचा वकील असतो.

हे लिहायचं कारण तेच. या प्रक्रियेतला कोणता कागद कंपनीचा, कोणता तुमचा आणि कोणत्या दिवसापासून तुमचा, हे पक्कं माहीत असलं तर नोकरी बदलणं, लेऑफ, मुलांचं वय या सगळ्याचे निर्णय वेळेत घेता येतात.

आधी ढाचा. टप्पे तीन. पहिला पर्म: या कामासाठी पात्र आणि तयार असा अमेरिकन कामगार मिळाला नाही, हे कंपनी कामगार खात्यापुढे सिद्ध करते. दुसरा आय-१४०: पद खरं आहे, तुम्ही त्याला पात्र आहात आणि ठरलेला पगार द्यायची कंपनीची ऐपत आहे, हे यूएससीआयएसपुढे (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) मांडलं जातं. तिसरा आय-४८५: हा अर्ज तुमचा स्वतःचा, कायम रहिवासी होण्याचा. पर्म ज्या दिवशी दाखल झालं तो दिवस म्हणजे तुमची प्रायॉरिटी डेट. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यामधली रांग याच तारखेवर चालते.

रांग इतकी लांब का, हे एका गणितात कळतं. १९९० च्या कायद्याने नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,००० ठरवली. त्यातली २८.६ टक्के, म्हणजे ४०,०४०, ईबी-२ गटाला (मास्टर्स किंवा त्याच्या बरोबरीची पात्रता लागणारी पदं) आणि तेवढीच ईबी-३ ला (बॅचलर्सची पदं, कुशल कामगार). एका देशाला ७ टक्के, म्हणजे एका गटात जेमतेम २,८००. यात नवरा-बायको आणि मुलंही मोजली जातात, त्यामुळे चौघांचं कुटुंब चार नंबर खातं. इतर देशांनी न वापरलेले नंबर त्याच गटातल्या सर्वांत जुन्या तारखांकडे वळतात, म्हणून एखाद्या वर्षी भारताला जास्त मिळतात. पण दरवर्षी नव्याने रांगेत लागणारे त्याहून कितीतरी जास्त. ऑक्टोबर २०२५ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये (कोणत्या प्रायॉरिटी डेटपर्यंतच्यांची पाळी आली, हे सांगणारं मासिक पत्रक) भारतासाठी ईबी-२ ची अंतिम तारीख १ एप्रिल २०१३ होती आणि ईबी-३ ची २२ ऑगस्ट २०१३. आज पर्म दाखल करणाऱ्याने यावरून काय ते ओळखावं.

देश ठरतो तो जन्मस्थळावरून, पासपोर्टवरून नाही. मात्र नवऱ्याचा किंवा बायकोचा जन्म भारताबाहेर, समजा कुवेतमध्ये किंवा केनियात झाला असेल, तर दोघांनाही त्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं. आखातात जन्मलेली मराठी माणसं कमी नाहीत, पण वकिलाच्या प्रश्नावलीत हा प्रश्न दर वेळी असतोच असं नाही. स्वतःहून सांगा.

पर्म: सगळं ठरतं ते पहिल्या मसुद्यात

पर्मच्या आधी कंपनी कामगार खात्याकडून त्या पदाचा, त्या भागातला प्रचलित पगार ठरवून घेते. फॉर्म ९१४१. जून २०२३ पासून पर्मचा नवा फॉर्म ९०८९ पदाचा तपशील थेट या ९१४१ मधूनच उचलतो. त्यामुळे कामाचं वर्णन, शिक्षणाची अट, किती वर्षांचा अनुभव, कोणती कौशल्यं, हे सगळं इथेच गोठतं. पुढे चूक सापडली तर सुरुवातीपासून. वकील हा मसुदा ईमेलने पाठवतो आणि दोन दिवसांत होकार मागतो. तो वाचायला एक पूर्ण संध्याकाळ द्या. प्रत्येक अटीपुढे स्वतःला विचारा: ही अट मी या कंपनीत रुजू होण्याआधी पूर्ण करत होतो का, आणि ते दाखवणारा कागद माझ्याकडे आहे का?

"रुजू होण्याआधी" याला इथे फार महत्त्व आहे. याच कंपनीत मिळवलेला अनुभव साधारणपणे धरत नाहीत. नवं पद जुन्या पदापेक्षा खरोखर वेगळं असेल, म्हणजे निम्म्याहून अधिक वेळचं काम वेगळं असेल, तरच धरता येतो. क्लाउडचं सगळं काम इथेच शिकलात आणि पर्ममध्ये क्लाउडचा तीन वर्षांचा अनुभव मागितला, तर आय-१४० तिथेच अडकतो.

मग भरतीची खरीखुरी प्रक्रिया होते. वर्तमानपत्रात दोन वेगवेगळ्या रविवारी जाहिरात, राज्याच्या रोजगार यंत्रणेत ३० दिवसांची नोंद, कामाच्या ठिकाणी सलग १० कामकाजाचे दिवस सूचना, आणि पदवीधरांच्या पदासाठी ठरलेल्या दहा मार्गांपैकी आणखी तीन. हे झाल्यावर किमान ३० दिवस थांबायचं आणि १८० दिवसांच्या आत पर्म दाखल करायचं. आलेल्या अर्जांची छाननी किंवा मुलाखत यांत तुम्ही हात घालायचा नाही, मॅनेजरने "जरा रेझ्युमे बघून दे" म्हटलं तरीही. ऑडिटमध्ये हे उघड झालं तर केस जाते.

लेऑफ झालेल्या कंपन्या पर्म का थांबवतात, याचं कारण नियमातच आहे. त्याच भागात, त्याच किंवा जवळच्या कामातल्या माणसांना मागच्या सहा महिन्यांत काढलं असेल, तर त्यांना कळवून, त्यांचा विचार करून, ते पात्र का नाहीत हे दाखवावं लागतं. मोठ्या कंपनीला ते झेपत नाही, म्हणून सरसकट "पर्म पॉज" होतो. असा पॉज लागला की किती महिन्यांचा, हे एचआरकडून लेखी मागा. एचवनवर मिळणाऱ्या सहा वर्षांच्या हिशेबात तो वजा करायचा आहे.

पर्मचा सगळा खर्च, वकिलाच्या फीसह, कंपनीनेच करायचा. जुलै २००७ पासून हा नियम आहे. "दोन वर्षांत सोडलंस तर पर्मचे पैसे परत कर" असा करार कंपनी करू शकत नाही. आय-१४० आणि आय-४८५ चे पैसे मात्र तुम्ही दिले तर चालतात.

सहा वर्षांचा हिशेब

एचवन सहा वर्षांचा. त्यातले अमेरिकेबाहेर काढलेले पूर्ण दिवस परत मागून घेता येतात, म्हणून पासपोर्टवरचे शिक्के आणि विमानाची तिकिटं जपून ठेवा. सहा वर्षांपुढे राहायचे दोन रस्ते २००० साली आलेल्या एसी-२१ कायद्याने दिले. पर्म किंवा आय-१४० दाखल होऊन ३६५ दिवस झाले असतील तर एकेक वर्षाची वाढ. आय-१४० मंजूर असेल आणि तारीख करंट नसेल (रांगेत तिची पाळी आली नसेल) तर तीन-तीन वर्षांची.

उलटं मोजा. गेल्या काही वर्षांत प्रचलित पगार ठरायला साधारण सहा महिने, जाहिरातींना दोन-तीन महिने आणि पर्म मंजूर व्हायला वर्षाच्या वर लागलं आहे. पाचवं वर्ष संपण्याआधी पर्म दाखल व्हायला हवं असेल, तर तिसरं वर्ष संपताना कंपनीशी बोलणं सुरू झालेलं हवं. "एक वर्ष काम कर, मग बघू" हे धोरण असलेल्या कंपनीत चौथ्या वर्षी जाणं म्हणजे सगळा खेळ महिन्यांवर येतो. नोकरी घेताना पगाराइतकाच हा प्रश्न विचारा: ग्रीन कार्डची प्रक्रिया कोणत्या महिन्यात सुरू कराल? उत्तर ऑफर लेटरमध्ये किंवा निदान ईमेलमध्ये घ्या.

एक साधी गोष्ट अनेकांना चटका देऊन जाते. एचवनची मंजुरी तीन वर्षांची असते, पण पासपोर्ट त्याआधी संपत असेल, तर विमानतळावर आय-९४ (प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद) पासपोर्ट संपण्याच्या तारखेपर्यंतच मिळतो. तुमचा अमेरिकेतला कायदेशीर मुक्काम आय-९४ वर चालतो. पासपोर्टचं नूतनीकरण केलं तरी आय-९४ आपोआप वाढत नाही. अमेरिकेत आल्यावर त्याच दिवशी संकेतस्थळावरून आय-९४ उतरवून घ्या आणि तारीख बघा. घरातल्या प्रत्येकाची, लहान मुलांचीही, कारण मुलांचे पासपोर्ट पाचच वर्षांचे असतात.

आय-१४०: इथून तुमचं काहीतरी होतं

पर्म मंजूर झालं की १८० दिवसांत आय-१४० दाखल व्हावा लागतो, नाहीतर पर्म रद्दबातल. प्रीमियम प्रोसेसिंगने (जादा फी भरून) १५ कामकाजाच्या दिवसांत निकाल येतो. लहान कन्सल्टन्सी कंपन्यांत अडचण येते ती ऐपतीची. प्रायॉरिटी डेटपासून पुढे ठरलेला पगार देण्याची ताकद करविवरणातल्या नफ्यातून किंवा चालू मालमत्तेतून दाखवावी लागते, आणि तीही एकाच वेळी स्पॉन्सर केलेल्या सगळ्यांसाठी मिळून. तुमचा प्रत्यक्ष पगार पर्ममधल्या आकड्याइतका किंवा त्याहून जास्त असेल, तर हा प्रश्न बराचसा सुटतो.

मंजुरी मिळाली की त्या दिवसापासून १८० दिवस मोजा. जानेवारी २०१७ पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे, मंजूर होऊन १८० दिवस उलटलेला आय-१४० कंपनीने मागे घेतला किंवा कंपनी बंद पडली, तरी तेवढ्या कारणाने तो रद्द होत नाही. त्याच्या आधारावर पुढच्या कंपनीत तीन-तीन वर्षांची वाढ मिळत राहते. १८० दिवसांच्या आत मागे घेतला तर मंजुरी रद्द होते आणि वाढीचा आधार जातो. तारीख मात्र तेव्हाही तुमचीच राहते. फसवणूक, खोटी माहिती, पर्मच रद्द होणं किंवा मंजुरीतली ठळक चूक, एवढ्याच कारणांनी ती जाते. म्हणून आय-१४० ला पाच महिने झाले असतील आणि नवी ऑफर हातात असेल, तर रुजू व्हायची तारीख चार-सहा आठवडे पुढे ढकलता येते का हे जरूर विचारावं.

नव्या कंपनीत पर्म आणि आय-१४० दोन्ही पुन्हा करावे लागतात. जुनी तारीख तेवढी तुमच्याबरोबर येते. जोडीदाराचा एच-४ ईएडी (एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर काम करायचा परवाना) देखील आय-१४० च्या मंजुरीवर मिळतो, मे २०१५ पासून.

आय-१४० ची मंजुरी नोटीस कंपनीच्या नावाने निघते, त्यामुळे काही कंपन्या तिची प्रत देत नाहीत. निदान पावती क्रमांक, मंजुरीची तारीख, गट आणि प्रायॉरिटी डेट एवढं लिहून घ्या. पर्मची प्रत मिळाली तर उत्तमच. पुढे पद सारखं आहे का, हा प्रश्न तिच्यावरून सुटतो. नोकरीत असताना आणि संबंध चांगले असताना हे मागा.

अनुभवाचं पत्र

भारतातल्या कंपन्या निघताना रिलीव्हिंग लेटर देतात. त्यात पद आणि दोन तारखा असतात. आय-१४० ला तेवढं पुरत नाही. पत्र कंपनीच्या लेटरहेडवर हवं, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा हवा, पूर्ण वेळ नोकरी होती हे हवं, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या पदावर होतात हे हवं, आणि रोजची कामं व वापरलेली तंत्रं नावानिशी हवीत. पर्ममध्ये "ओरॅकल, ३ वर्षं" असेल तर पत्रात ओरॅकल हा शब्द आणि ते काम केल्याचा काळ दिसलाच पाहिजे. "विविध डेटाबेसवर काम केले" असं वाक्य आरएफईला (आणखी पुरावे मागणाऱ्या नोटिशीला) आमंत्रण आहे.

एचआर असं पत्र द्यायला नकार देते, हे नेहमीचं. मग त्या वेळच्या मॅनेजरचं किंवा सहकाऱ्याचं प्रतिज्ञापत्र घ्यावं लागतं, आणि सोबत कंपनीचं मूळ पत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ जोडावे लागतात. माणसं नोकऱ्या बदलतात, कंपन्या विकल्या जातात. दहा वर्षांनी तो मॅनेजर शोधण्यापेक्षा आजच पत्र घेतलेलं बरं.

शिक्षणाचंही तसंच. ईबी-२ साठी मास्टर्स किंवा बॅचलर्सनंतरचा पाच वर्षांचा चढता अनुभव लागतो. हा बॅचलर्स चार वर्षांचा, एकाच पदवीचा हवा. तीन वर्षांची बीएस्सी किंवा बीकॉम आणि वर एखादा डिप्लोमा जोडून ईबी-२ मागितला की बहुतेकदा नकार येतो. अशा वेळी अट नीट शब्दांत मांडून ईबी-३ मध्ये जाणं शहाणपणाचं. ईबी-३ कमी दर्जाचं म्हणून नाक मुरडू नका. ऑक्टोबर २०२० मध्ये ईबी-३ भारताची आय-४८५ दाखल करण्याची तारीख १ जानेवारी २०१५ वर गेली आणि ईबी-२ ची १५ मे २०११ वर होती. मंजूर पर्म असलेल्या हजारो लोकांनी त्याच पर्मवर ईबी-३ चा दुसरा आय-१४० टाकून आय-४८५ भरला. दोन्ही गटांत मंजुरी असेल तर जो पुढे सरकेल तो वापरता येतो.

नोकरी गेली तर

पगार चालू असलेला शेवटचा दिवस धरायचा. त्यानंतर ६० दिवस किंवा आय-९४ ची तारीख, यांपैकी जे आधी येईल ते. सेव्हरन्स मिळाला म्हणून दिवस वाढत नाहीत. या मुदतीत नव्या कंपनीचा एचवन अर्ज यूएससीआयएसकडे पोहोचायला हवा. पोहोचला की कामाला सुरुवात करता येते. पण त्याआधी कंपनीला एलसीए (पगार आणि कामाच्या अटींबद्दल कामगार खात्याची मंजुरी) लागतो, त्याला सात कामकाजाचे दिवस. कंपनीने आधी कधी एलसीए केला नसेल तर तिचा कर क्रमांक पडताळण्यात आणखी दिवस जातात. वकिलाचे कागद धरले तर हातात खरे ४० ते ४५ दिवस. चाळिसाव्या दिवसापर्यंत ऑफर नसेल तर एच-४ वर जाणं किंवा बी-२ चा (पर्यटक व्हिसाचा) अर्ज, हे पर्याय तयार ठेवा.

देश सोडायचा निर्णय घेताना एक नवी गोष्ट लक्षात घ्या. १९ सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने, २१ सप्टेंबरपासून, अमेरिकेबाहेर असलेल्या आणि वैध एचवन व्हिसा नसलेल्या माणसाच्या नव्या अर्जावर १,००,००० डॉलर लागू केले. घोषणा १२ महिन्यांची होती. अर्जाच्या वेळी ती चालू आहे का आणि अपवाद कोणते, हे तपासावं. अमेरिकेतच राहून, कायदेशीर स्थितीत असताना केलेल्या बदलीवर ती रक्कम नाही. म्हणून व्हिसाचा शिक्का संपलेला असेल, तर "जाऊन येतो आणि मग नोकरी शोधतो" याची किंमत ती घोषणा चालू असेपर्यंत वेगळी आहे.

तारीख जवळ आली की

व्हिसा बुलेटिनमध्ये ऑक्टोबर २०१५ पासून दोन तक्ते असतात: अंतिम मंजुरीचा आणि अर्ज दाखल करण्याचा. दर महिन्याला कोणता तक्ता चालेल हे यूएससीआयएस जाहीर करतं. दाखल करण्याच्या तक्त्यात तारीख उघडली तर त्याच महिन्यात अर्ज गेला पाहिजे. पुढच्या महिन्यात ती मागेही जाते. डिसेंबर २०२४ पासून वैद्यकीय तपासणीचा आय-६९३ अर्जासोबतच जोडावा लागतो, म्हणून डॉक्टरची वेळ आणि लसींच्या नोंदी आधीच बघा. सोबत ईएडी आणि प्रवासपरवान्याचे अर्ज टाकावेत. आय-४८५ दाखल होऊन १८० दिवस झाले, आय-१४० मंजूर असला आणि नवं काम त्याच किंवा तशाच प्रकारचं असलं, की सप्लिमेंट जे हा फॉर्म भरून नोकरी बदलता येते, नवं पर्म न करता.

मुलांचं वय वेगळ्याने मोजा. अंतिम मंजुरीच्या तक्त्यात तारीख करंट झाली त्या दिवशीचं वय घ्यायचं आणि त्यातून आय-१४० प्रलंबित होता तेवढे दिवस वजा करायचे. ऑगस्ट २०२५ पासून यूएससीआयएस पुन्हा अंतिम तक्ताच धरतं. मुलगी २१ वर्षं ३ महिन्यांची असेल आणि आय-१४० पाच महिने प्रलंबित असेल, तर तिचं वय २० वर्षं १० महिने, म्हणजे २१ च्या आत, धरलं जातं आणि ती तुमच्यासोबत पात्र ठरते. तोच आय-१४० प्रीमियममध्ये तीन आठवड्यांत मंजूर झाला असेल तर वजा व्हायला तीनच आठवडे. मुलं मोठी असतील तर प्रीमियमचा निर्णय हे गणित मांडून घ्यावा.

आणि जन्मदाखले. जुन्या नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या दाखल्यात बाळाचं नावच नसतं, किंवा आईचं माहेरचं नाव असतं, किंवा जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळत नाही. नाव घालून नवा दाखला काढता येतो, पण त्याला गावी फेऱ्या लागतात. नोंदच सापडत नसेल तर त्याच कार्यालयाकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्या आणि आईवडिलांपैकी कुणाचं किंवा जन्म माहीत असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकांची दोन प्रतिज्ञापत्रं करून ठेवा. त्यात जन्माची तारीख, ठिकाण, दोन्ही पालकांची पूर्ण नावं आणि ही माहिती त्यांना कशी ठाऊक आहे, हे लिहिलेलं हवं. दाखला मराठीत असेल तर पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडायचं, आणि भाषांतर अचूक असून आपल्याला दोन्ही भाषा येतात असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यायचं. रांग दहा-पंधरा वर्षांची असली तरी प्रतिज्ञापत्र देणारी माणसं आज हयात आहेत, म्हणून हे काम पुढच्या भारतभेटीतच उरकावं.